मार्लिस आणि फेब्रुवारीची वासरं

कुठल्या गाईचं वासरू कसल्या हवेत जन्मलं, त्याचा पहिला पाय बाहेर आला तेव्हा वारा कुठून होता, हे माझ्या बाबांना तोंडपाठ असतं. नातवाचा वाढदिवस विचारा, की टोपी मागे सारून डोकं खाजवतात आणि म्हणतात, "भर उन्हाळ्यात, गवत कापायच्या सुमाराला असावा." असावा! वेंडेल ऑक्टोबरात जन्मला, त्या वर्षीच्या पहिल्या बर्फात. इस्पितळात जायला बाबांनीच गाडी काढली होती, आणि वाटेत उतरून कुंपणाबाहेर आलेली एक गाय आत घालून आले होते. गाईचं सगळं लक्षात आहे.

मी रोवेना, ऑरिन स्कार यांची थोरली मुलगी. लग्न करून पलीकडच्याच खोऱ्यात गेले, तिथेही गाईच. तेव्हा मी हे बोलते ते शहरातल्या बाईचं बोलणं म्हणून कुणी झटकू नये. मार्लिस माझ्या भावाची, गार्थची बायको. नणंदेनं भावजयीची कड घ्यावी हे आमच्या घरात कुणालाच रुचलेलं नाही. बाबा म्हणतात, मला लग्नानंतर तोंड फुटलं. खरं तर तोंड आधीपासून होतं, पण बाबांच्या टेबलावर बसून ते उघडायची सोय नव्हती.

मार्लिसच्या वडिलांचं गावात केस कापायचं दुकान होतं आणि ती स्वतः बेकरीत पाव भाजायची. हात गोरे, मऊ, कणकेचे. ती रँचवर, आमच्या गाईंच्या माळावर, आली त्या पहिल्या हिवाळ्यात बाबा जेवताना तिच्यासमोरच म्हणाले, "बर्फ वितळेपर्यंत टिकली तरी पुष्कळ." वर्षभरात ती अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा मुडपलेला पाय सरळ करायला शिकली. गोठलेला नळ कसा सोडवायचा, उन्मत्त गाईच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, सगळं शिकली. त्याबद्दल कुणी एक चांगला शब्द बोललं असेल तर माझ्या कानावर आलेला नाही. पहिल्या वर्षी ती जे करायची त्याला मदत म्हणत. दुसऱ्या वर्षापासून ते तिचं काम झालं.

मग मुलं झाली. वेंडेल, आणि त्यानंतर ज्यूनी.

लहान मुलं घेऊन रँचवर हिवाळा काढणं म्हणजे काय, हे पुरुषांना विचारू नका. त्यांना मुलं दिसतात ती तयार होऊन बाहेर आलेली. मार्लिसची सकाळ मी पाहिली आहे. आधी आतले लोकरी कपडे, मग पायमोजे, पायमोज्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या, म्हणजे बर्फाचं पाणी आत झिरपत नाही, मग बूट, मग जाड विजार, कोट, गळपट्टा, टोपी, हातमोजे. ज्यूनीचा दुसरा हातमोजा चढेपर्यंत तिनं पहिला काढून स्टोव्हमागे फेकलेला असायचा. दोघंही एकदाची गुंडाळून झाली की वेंडेल म्हणणार, "आई, शू आली." पुन्हा सगळं काढा. तोवर बाहेर बाबा पिकअपचा भोंगा वाजवत असायचे, कारण गाई हंबरत होत्या.

हो, मुलं बरोबरच. त्यांना कुठे ठेवणार? शेजारचं घर म्हणजे दुसऱ्याची रँच.

चारा टाकायची आमच्याकडची पद्धत अशी. पिकअपवर गवताचे गठ्ठे रचायचे, कुरणात नेऊन गाडी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकायची, आणि ती आपली आपण गोगलगाईसारखी चालत राहते. मागे उभ्या माणसानं सुतळ्या कापून गवत खाली लोटत राहायचं. गाडीत फक्त चाक धरायला कुणीतरी लागतं. त्यासाठी मोठं माणूस कशाला वाया घालवायचं? म्हणून सीटवर पोर उभं करायचं आणि सांगायचं, तो समोरचा खांब दिसतो ना, नाक त्याच्याकडे ठेव. मी अशीच शिकले, गार्थ असाच शिकला. चांगल्या हवेत, एखाद्या रविवारी, त्यात गंमतच असते. पोराला आपण मोठे झालो असं वाटतं. पण कौतुकाची गोष्ट आणि रोजंदारी यांत फरक असतो. चार वर्षांच्या वेंडेलला त्या हिवाळ्यात माणसांत धरलं होतं. "गार्थ गोठ्यात, मार्लिस मागे, वेंडेल चाकावर," बाबा बोटांवर मोजायचे. स्वतः ते लंगड्या पायानं घर आणि गोठा यांत, थिजलेल्या वासरांपाशी. ज्यूनी शेजारच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली, हातात गारठून दगड झालेला पाव.

गार्थ गोठ्यात का? कारण वासरं. आणि फेब्रुवारीत वासरं का? तर माझ्या बाबांची हौस.

या खोऱ्यात ज्याचं वासरू पहिलं, त्याची कॉलर ताठ. बाबांच्या आजोबांपासून मान आमचा. आधी जन्मलेलं वासरू पानगळीच्या बाजारात वजनदार भरतं, असं बाबा सांगतात, आणि त्यात काही खोटं नाही. पण मोंटानातल्या फेब्रुवारीत ओलं वासरू बर्फावर पडलं की किती वेळ जगतं तेही सांगावं. म्हणून मग कुणीतरी चोवीस तास गाईंवर नजर ठेवायची, थिजलेली वासरं उचलून घरात आणायची, आणि तो कुणीतरी गार्थ असल्यामुळे चाऱ्याची गाडी मार्लिसच्या गळ्यात, आणि मार्लिसबरोबर तिची पोरं.

हे मार्लिसनं सांगितलं नाही असं नाही. दर वर्षी सांगितलं. एकदा मी जेवायला होते.

"ऑरिन, यंदा वळू दोन महिने उशिरा सोडले तर?" ती म्हणाली.

"तर काय?" बाबा मांस कापत होते.

"तर वासरं गवतावर येतील, उन्हात. गार्थला गोठ्यात अडकून पडायला नको. थंडीत चारा तो टाकेल, मी मुलांपाशी घरात राहीन."

"आणि पानगळीत बाजारात काय नेऊ? ससे?"

गार्थ हसला. माझा सख्खा भाऊ, पण त्या क्षणी मला त्याच्या ताटात हात घालून बटाटा तोंडावर मारावासा वाटला. मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली तेव्हा तो म्हणाला, "बघू गं." आमच्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला.

एक गोष्ट मात्र कबूल करते. बाबा निर्दय नाहीत. निर्दय असते तर सोपं होतं. थंडीनं आखडलेलं वासरू कोटाच्या आत छातीशी धरून ते गोठ्यापासून घरापर्यंत येतात, त्याच्या नाकात फुंकर घालतात, त्याच्याशी जे बोलतात ते आम्हा भावंडांशी कधी बोलले नाहीत. "ये माझ्या राजा, डोळे उघड, आजोबा आहे ना." ती माया त्यांच्यात आहे. मला संताप येतो तो याचाच.

त्या वर्षी जानेवारी संपता संपता उत्तरेची हवा आली आणि हलेचना. अशा थंडीत वासरांचे कान जातात. आधी पांढरे पडतात, मग काळे, मग टोकं झडतात, आणि आखूड कानाचं वासरू बघून गिऱ्हाईक ओळखतं की यानं थंडी खाल्ली आहे. म्हणून बाबांनी मार्लिसला वासरांसाठी कानटोप्या शिवायला सांगितल्या. हसू नका, आमच्याकडे सगळेच करतात. लोकरीचे दोन कप्पे, हनुवटीखाली बंद. मार्लिसनं जुने कोट उसवून त्या शिवल्या, स्वयंपाक उरकून, मांडीवर ज्यूनीला घेऊन. छान शिवल्या. दुपारी खिडकीतून पाहिलं तर कुरणात टोप्या घातलेली वासरं उभी, जशी काही बालवाडी सुटली आहे.

आणि पिकअपचा हीटर नाताळापासून बंद होता. गोठ्यातला हीटर बिघडला तेव्हा गार्थनं जेवणावरून उठून तो दुरुस्त केला होता. गाडीच्या हीटरचं काय, विचारलं की "बघू."

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी तिथे होते. आमच्याकडची अडलेलं वासरू ओढून काढायची साखळी तुटली होती, ती मागायला मी सकाळीच आले होते. स्वयंपाकघरात शिरले तर चिटपाखरू नाही. न्हाणीघरात बाबा टबाशेजारी गुडघ्यांवर बसलेले, टबात कोमट पाणी, आणि पाण्यात वासरू, फक्त तोंड वर. बाबा त्याची हनुवटी तळहातावर तोलून धरून त्याला समजावत होते.

तेवढ्यात दार लाथेनं उघडलं. मार्लिसच्या एका काखेत ज्यूनी, दुसऱ्या हातानं वेंडेलला उचललेलं. वेंडेलच्या डोक्यावर टोपी नव्हती. डावा कान मेणासारखा पांढरा, आणि तसाच कडक.

झालं होतं ते असं. हीटर नाही, त्यामुळे दोघा पोरांच्या श्वासानं काच आतून गोठली. वेंडेलला खांब दिसेना. काच पुसून हातमोजा ओला झाल्यावर त्यानं टोपी काढली आणि त्या टोपीनं पुसत राहिला, सगळं कुरण संपेपर्यंत. त्याच्या बाजूची खिडकी पूर्ण वर जात नव्हती, तिच्यातून वारा सरळ त्या कानावर. मागे गवत लोटणाऱ्या आईला गोठलेल्या मागच्या काचेतून त्याच्या डोक्याची नुसती सावली दिसत होती, गाडी सरळ चालली होती. सरळ चालली म्हणून तिला शंका आली नाही.

"मी खांब सोडला नाही, आत्या," तो मला म्हणाला. रडला नाही. मला तो रडलेला चालला असता.

"ऑरिन, टब हवाय," मार्लिस म्हणाली.

"पाच मिनिटं थांब, याला अजून ऊब आलेली नाही." बाबांनी मान वळवून कान पाहिला. "अरे, हे होय! एवढ्यानं काही होत नाही. माझेही गेले होते. चोळू नको फक्त."

एवढंच. पुन्हा वासराकडे वळले.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मार्लिसनं स्वयंपाकघरात किटलीतलं पाणी कोमट केलं, कपडा भिजवून पोराच्या कानावर धरला, बदलला, पुन्हा धरला. रक्त परतू लागलं तेव्हा जी कळ येते ती ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तेव्हा वेंडेल किंचाळला. ज्यूनी त्याला बघून रडू लागली. न्हाणीघरात वासरू हंबरलं आणि बाबा आनंदानं ओरडले, "जगलं रे, जगलं!"

गावातल्या डॉक्टरनं सांगितलं, वाट बघा. वाट बघितली. कानाची वरची कड काळी झाली, आणि एके दिवशी आंघोळीत टॉवेलबरोबर निघून आली. त्या हिवाळ्यात आमच्या एकाही वासराचा कान गेला नाही.

यानंतर तरी काही बदलेल असं मला वाटलं होतं. हीटर दुरुस्त झाला, खिडकीला चिंधी कोंबली गेली. बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला.

मे महिन्यात वासरांना मालकाच्या खुणेचा डाग द्यायचा दिवस असतो. आमच्याकडे त्या दिवशी खोऱ्यातले सगळे मदतीला येतात, दुपारी बायकांनी मांडलेलं जेवण होतं, आणि जेवणानंतर सगळ्यांच्या साक्षीनं वळूंच्या वाड्याचं फाटक उघडून त्यांना गाईंत सोडतात. पुरुष हातात बिअर घेऊन कुंपणावर बसतात, वळूंना गमतीची नावं देतात, टाळ्या वाजवतात. त्या दिवशी वळू सुटले की पुढल्या फेब्रुवारीत वासरं, हे ठरलेलं. मग बदलायला वाव नाही, गाय काही कुणाच्या सोयीनं थांबत नाही.

त्या दिवशी वेंडेल सगळ्यांच्या पायांत घुटमळत होता. शेजारच्या रँचचा क्लाइड, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या तोंडाचा माणूस, त्यानं पोराला उचलून टेबलावर उभं केलं.

"ऑरिन, अरे या वासराचा कान झडलाय की! याला बाजारात कोण घेणार?"

सगळे हसले. बाबाही हसले. "हा विकायचा नाही," ते म्हणाले, "हा माझा ड्रायव्हर आहे." आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. वेंडेल इतका फुलला की काही विचारू नका.

मार्लिस बटाट्याच्या कोशिंबिरीचं भांडं घेऊन येत होती. तिनं ते खाली गवतावर ठेवलं. हात पुसले. आणि सरळ चालत जाऊन वळूंच्या फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

"वळू आज सुटणार नाहीत," ती म्हणाली.

आधी लोकांना थट्टा वाटली. बाबा लंगडत तिच्यासमोर आले. "बाजूला हो पोरी, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. फेब्रुवारीत चारा टाकायला यांच्यातलं कोण येणार आहे, तेवढं विचारा. तू येणार, क्लाइड?"

"अगं मार्लिस, आम्ही सगळे असेच वाढलो," क्लाइड म्हणाला.

"वाढलास? कधी?" हे मी. मला राहवलं नाही.

"तू गप्प बस, रोवेना. तुझं घर तिकडे आहे," बाबा म्हणाले. मग तिला, "माझ्या आजोबांपासून हा दिवस ठरलेला आहे. तुला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही," मार्लिस म्हणाली. "चार वर्षं मीच सांगतेय. जुलैअखेर सोडा म्हणतेय, आणखी काही मागत नाही. पुढचा फेब्रुवारी मी त्या गाडीवर काढणार नाही आणि माझी मुलं तर नाहीच."

तिचा आवाज चढला नव्हता. बाबांचा चेहरा लाल झाला होता. सगळं खोरं कुंपणावर बसून बघत होतं, आणि माझ्या बाबांना दुष्काळ चालेल, पण लोकांसमोर माघार चालत नाही. त्यांनी गार्थकडे पाहिलं. गार्थ घोड्याचा पट्टा आवळत होता, जणू जगात तेवढंच काम उरलं होतं. मग बाबांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

"वेंडेल!" त्यांनी हाक मारली. "ये माझ्या गड्या. तू माणूस आहेस ना? उघड बरं ती साखळी."

पोर धावत आलं. बाजूला उभं राहून त्यानं साखळीचा आकडा धरला, आणि आईच्या तोंडाकडे बघून थबकलं. मार्लिसनं त्याला अडवलं नाही. ती खाली बसली, त्याच्याएवढी झाली. तिचे डोळे भरले होते, ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वेंडेल, हे उघडलंस तर पुढच्या थंडीत पुन्हा गाडी चालवावी लागेल. चालवशील?"

"हो!"

"फार थंडी असते, बाळा."

तिला रडू येतंय हे त्याला कळलं असावं. त्यानं तिच्या गालाला हात लावला आणि डब्यात अजून एक बिस्किट शिल्लक आहे हे सांगावं तसं सांगितलं, "रडू नको ना आई. मला अजून एक कान आहे."

क्लाइड हातातल्या बाटलीकडे बघत राहिला.

घोड्याजवळून गार्थ आला. मला वाटलं, हा आता तिला दंडाला धरून बाजूला करणार, कारण आजवर तो बाबांच्याच बाजूनं उभा राहत आलाय. त्यानं पोराच्या हातातून साखळी घेतली, खांबाला आणखी एक वेढा दिला आणि आकडा अडकवला.

"जुलैअखेर," तो म्हणाला.

"आणि मी नाही म्हटलं तर?" बाबा म्हणाले.

"तर फेब्रुवारीत चारा तुम्ही टाका, बाबा. चाकावर मी कुणाला बसवणार नाही."

बाबा गाडीत बसून निघून गेले. लोकही लवकर पांगले. वळू जुलैअखेर सुटले आणि वासरं पुढच्या मे महिन्यात गवतावर जन्मली, कोरडी, ठणठणीत. हल्ली बाबा गावात सांगतात की उशिरा वासरं घ्यायचं त्यांच्या कधीपासून मनात होतं, आणि लोक माना डोलावतात. गार्थचं तर मला सगळेच कौतुक सांगतात, कसा ठाम उभा राहिला म्हणून. राहिला खरा. बायको चार वर्षं सांगत होती तेव्हा याच्या कानांना काय झालं होतं, ते मात्र मला कुणी सांगत नाही. मार्लिस म्हणते, "सोड गं रोवेना, झालं ना मनासारखं." मी नाही सोडत.

कारण त्याआधीच्या, मधल्या हिवाळ्यात मी एका सकाळी त्यांच्याकडे गेले होते. बाहेर गार्थ एकटाच चारा टाकत होता, चाक दोरीनं बांधून. आत चूल पेटलेली, ज्यूनी जमिनीवर भांडी वाजवत होती. आणि वेंडेल बूट, कोट, टोपी सगळं चढवून दाराशी उभा. मार्लिस म्हणाली, रोजच उभा राहतो. भोंग्याची वाट बघतो.

"आज नाही बाळा, आज तुझे बाबा गेलेत," ती त्याला म्हणाली.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"खेळ."

तो कोट न काढता तिथेच उभा राहिला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आत्या, मी नीट चालवत नव्हतो का?"